साठच्या वर

सकाळच्या बैठकीत मनगटावरच्या पट्ट्यात भीतीचा आकडा साठच्या वर दिसला नाही, तर नोकरी जायची. घाबरलेला माणूस मन लावून काम करतो, असं कंपनीचं संशोधन होतं. नलिनी खांबेटे रोज डोळे मिटून आजारी नवऱ्याचा विचार करायच्या, की आकडा चढायचा. आज तो बारावरच अडला.

"अहो खांबेटेबाई, यजमानांना आठवा की!" शेजारचे देवस्थळी कुजबुजले.

"ते गेले हो, गुरुवारी."

साहेबांनी ऐकलं. "वाईट झालं," ते मनापासून म्हणाले. "घरात दुसरं कोणी?"

"मुलगी आहे. सात वर्षांची."

"मग काळजी नको. भीतीच्या अर्जावर यजमानांच्या जागी तिचं नाव घाला."

बाईंनी पेन उचललं. पहिलं अक्षर लिहून होईपर्यंत आकडा नव्वदवर गेला.