एकसारख्या पुंगळ्या

लांबी मोजायच्या कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटले होते आणि तरी काटा शून्यावर नव्हता. आर्लो हाउगनने जबडे पुसले, पुन्हा मिटले. काटा शून्याच्या अलीकडेच उभा. मग त्याला आठवलं. गेल्या महिन्यात कॅलिपर बाकावरून फरशीवर पडला होता. त्याने तो उचलला, फुंकर मारली आणि तसाच जावयासाठी काडतुसं भरायला बसला.

झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, तोंडं कातून सगळ्या एका लांबीच्या करायच्या, मग नवी दारू आणि नवी गोळी भरायची, हा आर्लोचा उभ्या जन्माचा नाद. कातायचं यंत्र तो कॅलिपरवरून लावायचा आणि केसाचाही फरक खपवून घ्यायचा नाही. मुलगी ब्रिटा लहानपणी याच बाकाशी स्टुलावर बसून त्याचे नियम घोकायची. या खेपेच्या पन्नासही पुंगळ्या एकसारख्या होत्या. एकसारख्या चुकलेल्या. प्रत्येक पुंगळी नखाच्या जाडीएवढी जास्त लांब. अशा पुंगळीचं तोंड नळीत आवळलं जातं, ते गोळीला सोडत नाही, आणि दारूचा दाब रायफलीच्या मागच्या बाजूने फुटतो. तिथे माणसाचा गाल असतो.

जावई वेन्डल पहाटेच मचाणावर गेला होता. हरणांच्या मोसमाचा आज पहिला दिवस. आर्लोचा गुडघा नुकताच बदललेला, म्हणून यंदा त्याने टेकडीवरचं आपलं मचाण जावयाला दिलं होतं. मोठ्या मनाने वगैरे नाही, चांगलं कुरकुरत. त्याने फोन लावून पाहिला. बंद. मचाणावर फोन बंद ठेवायचा, हाही आर्लोचाच नियम.

ब्रिटाच्या दाराशी तो थबकला. आत ती झोपली होती. तिला सातवा महिना होता. तिला उठवून काय सांगायचं? तुझ्या नवऱ्याच्या हातात मी काय देऊन बसलोय, हे? दारावर टकटक करायला उचललेला हात त्याने खाली घेतला आणि तो बाहेर पडला.

उजाडायला लागलं होतं. एकदा उजाडलं की रानात कोणी गोळी झाडायचं थांबत नाही. आर्लो बर्फातून चढ चढत होता, गुडघा ठणकत होता. निम्म्या वाटेवर लक्षात आलं, शिकाऱ्यांनी एकमेकांना हरीण समजू नये म्हणून घालायचं नारिंगी जाकीट घरीच राहिलं. तपकिरी कोटातला लंगडणारा म्हातारा झाडीतून लांबून कसा दिसतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तरी तो परत फिरला नाही.

"वेन्डल! थांब!" त्याने हाक मारली. वाऱ्याने ती त्याच्याकडेच परत आणली.

आणि वर बार झाला. मचाणाच्याच दिशेने.

आर्लो पळत सुटला. गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो.

मचाणाखाली वेन्डल उभा होता. दोन्ही गाल, दोन्ही डोळे जागच्या जागी. पुढे बर्फात मोठ्या शिंगांचं हरीण पडलं होतं.

"अहो आर्लो, नारिंगी कुठाय तुमचं? मरायचंय का?" तो ओरडला. मग त्याला राहवेना. "पण बघा तरी! शिंगं बघा!"

आर्लोने रायफल त्याच्या हातून हिसकावली आणि बोल्ट मागे खेचला. आतलं काडतूस उडून बर्फात पडलं. त्याने ते उचलून डोळ्यांजवळ धरलं. ते दुकानातलं होतं.

"माझी कुठेत?"

वेन्डलचा चेहरा उतरला. "तळघरात. पाचही वर्षांची खोकी. एकही उघडलेलं नाही."

आर्लोला रडू फुटायचंच बाकी होतं. पोरगा जिवंत होता, याहून मोठं सुख नव्हतं. पण दर वर्षी जेवणाच्या टेबलावर हाच पोरगा "काय नेम लागतो तुमच्या काडतुसांनी!" म्हणायचा आणि आर्लो फुगून बसायचा. तेही आत्ताच आठवलं आणि झोंबलं.

"पाच वर्षं थापा मारल्यास? माझ्या हातावर भरवसा नव्हता?"

"मला होता हो. ब्रिटानेच लग्नाआधी शपथ घातली. दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही. मी म्हटलं, अगं, तुझ्या बाबांचं तरी चालेल ना?"

"मग?"

"म्हणाली, नियमच बाबांचा आहे. लहान असताना स्टुलावर बसून तिने तुम्हाला विचारलं होतं म्हणे, 'बाबा, तुमचंपण नाही?' आणि तुम्ही म्हणाला होतात, 'सगळ्यांत आधी माझं.'"