हळदीकुंकवाची फुलं

बागेच्या स्पर्धेचे परीक्षक पाचला येणार, म्हणून हेमलताबाईंनी चारलाच गच्चीवर हळदीकुंकू ठेवलं. त्यांच्या बुटक्या, बारमाही झाडांना ऊन हवं, पाणी नको. फुलं मात्र बघणाऱ्याच्या हेव्यावर यायची. बायका "अय्या, किती गोड!" म्हणाल्या आणि कळ्या भराभर उमलल्या. फक्त शेजारच्या कुंदासमोरची कुंडी ढिम्म.

"कुंदा, नीट बघ ना गं!"

"बघतेय की. मनापासून आनंद झाला, वहिनी."

कुंडी सांगत होती, बया खरं बोलतेय. एवढं समाधान हिलाच कसं मिळतं? हेमलताबाई कठड्यापलीकडे कुंदाच्या गच्चीकडे धुमसत बघत राहिल्या. तिथलं याच जातीचं एकुलतं झाड दोन वर्षांत कधी फुललं नव्हतं. ते बघता बघता जांभळ्या फुलांनी भरलं.

परीक्षक आले आणि आधी तिकडेच वळले, तेव्हा त्याला आणखी एक बहर आला.