अख्खी नान

दोन वाजताचं विमान होतं आणि साडेअकरा वाजले, तरी होसियत लेकाला समरकंदच्या सियोब बाजारातून फरफटत हिंडवत होती. फर्रुख पहिल्यांदाच मॉस्कोला कामावर निघाला होता. तिथल्या मुकादमाच्या बायकोसाठी रेशमी रुमाल घेऊन झाला, खोलीतल्या पोरांसाठी खडीसाखर आणि जर्दाळू घेऊन झाले, तरी तिचे पाय एका जागी ठरेनात.

"आई, पुरे आता! तिथे काय उपाशी मरणार आहे का मी?"

"तू गप चल."

नानवाल्यांच्या ओळीपाशी मात्र ती थबकली. एक जाडजूड, गरम नान घेऊन तिने त्याच्या हातात कोंबली. "खा."

नानवाली हसली. "एकच घास घे रे राजा. उरलेली आई घरी खिळ्याला टांगेल, ती परत येऊन तूच संपवायची. लांब जाणाऱ्याची रीतच आहे आपली."

"सगळी खा," होसियत म्हणाली.

"अहो ताई, असं काय करता? मागे काही ठेवलंच नाही, तर पोरगा परतेल कशाच्या ओढीने?"

फर्रुख आईकडे बघत चावत राहिला. शेवटचा तुकडा त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत तिने नजर हलवली नाही.

 

त्याच्या बापाने एक घास खाऊन ठेवलेली नान एकोणीस वर्षं घरातल्या खिळ्याला तशीच लटकत होती.