अक्कलकोटची मोटार

मौलाली अक्कलकोटच्या सर्व्हिस मोटारीवर नवा ड्रायव्हर म्हणून लागला, तेव्हापासून हे रोजचंच झालं होतं. सोलापूरच्या स्टँडवर मोटार उभी राहिली की म्हाळसाबाई नावाची धनगर म्हातारी यायची, मेंढ्यांच्या खुरातले काटे काढायचा चिमटा घेऊन चाकांपाशी बसायची आणि टायरमध्ये रुतलेले बाभळीचे काटे उपसायची. उतारू ताटकळायचे, मौलाली वैतागायचा.

एके सकाळी तिनं त्याला हाक मारून पुढचं चाक दाखवलं. टायरला लिंबाएवढा फुगा आला होता. मौलालीनं मुकाट्यानं टायर बदललं. मग हात पुसत विचारलं, "मावशी, तुमचं कुणी जातंय का या गाडीनं?"

"जायाचा की. माझा धुळा. तुज्या आदी त्योच ही मोटार चालवायचा. होटगीच्या वाटंवर टायर फुटून मोटार उलटली, त्यात ग्येला."

मौलाली म्हणाला, "मग आता कुणासाठी येता?"

म्हातारी मागच्या चाकाकडं सरकली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"आता तू चालवतोस की."