आठचा आकडा

गवत कापायच्या जुन्या ट्रॅक्टरचं मागचं चाक गंजून आसाला असं चिकटलं होतं की ते काढायला तेल, हातोडा, शिव्या, काहीच लागू पडेना. दोघं भाऊ तीन दिवस घाम गाळत होते. आई खिडकीतून सांगायची, "अजून जोरात हाणा."

गॅरेज बंद केल्यापासून वर्षभर बाबांनी त्या खिडकीजवळची खुर्ची सोडली नव्हती. चौथ्या दिवशी ते तरातरा बाहेर आले.

"ठोकताय काय, गाढवांनो? चाक अडकवणारी क्लिप काढलीय ना? मग आठचा आकडा काढत चालवा. वळणावर चाक आपसूक ढिलं होतं."

शेवटी स्वतःच चालवायला बसले. तिसऱ्या वळणाला चाक निसटलं.

"ही युक्ती आधी कळायला हवी होती," धाकटा म्हणाला.

"मला माहीत होती," म्हणत आईने रिकामी खुर्ची कोपऱ्यात सरकवली.