धाकू तांडेलाचा आवाज

"इंजिन बंद कर, जया. वल्हं पाण्यात सोड आणि दांड्याला कान लाव," सुकाणूजवळच्या यंत्रातून धाकू तांडेलाचा आवाज आला. "घोळ मासळी इथंच ओरडत असते."

धाकूला जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेवटच्या आजारपणात त्यानं समुद्राबद्दल ठाऊक असलेलं सगळं या यंत्राला सांगून ठेवलं होतं. एकेकाळी बंदरातल्या प्रत्येक होडीवर असं यंत्र होतं, आणि सगळ्या त्याच्या शब्दावर जात. हल्ली सगळ्यांनी ते यंत्र काढून टाकलं होतं. त्याच्या मुलीला, जयवंतीला, तेवढं जमलं नव्हतं. "ऐकू आलं, बाबा," असं म्हणून ती वेळ मारून न्यायची आणि रिकामी परतायची.

आज तिच्यानं खोटं बोलवेना.

"बाबा, इथं काहीच नाही. पाणी तापलंय. घोळ कधीच उत्तरेला गेली."

यंत्रातला आवाज खाली आला.

"म्हणजे माझं सांगणं वायाच गेलं."

जयवंतीनं इंजिन सुरू केलं. "ऐकायला तूच शिकवलंस ना? कुठं ऐकायचं ते आता दोघं मिळून शोधू."

तिनं होडी खोल पाण्याकडे वळवली. खूप आत गेल्यावर तिनं इंजिन बंद करून पुन्हा दांड्याला कान लावला. खालून बारीक टकटक येत होती. तसा आवाज तिनं कधीच ऐकला नव्हता. तिनं दांडा यंत्राला टेकवला.

"हा कुठला मासा, बाबा?"

"ठाऊक नाही, बाय," धाकूचा आवाज म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून तिनं जन्मात ऐकले नव्हते. "जाळं टाक. बघू."