बागेतलं हवामान केंद्र

एकेचाळीस वर्षं मी रोज दुपारी तीन वाजता खजुराच्या बागेतली पांढरी लाकडी पेटी उघडून आतल्या तापमापकाचा आकडा वहीत उतरवला. युद्धातसुद्धा एक दिवस चुकवला नाही. काल बगदादहून मुहन्नद नावाचा तपासनीस आला. आमच्या बसऱ्याच्या या केंद्राचे आकडे जगाच्या सरासरीत धरायचे की नाही, ते तो ठरवणार होता.

"खाला, तुमचा पारा फारच चढलेला दिसतो."

"माझी सूनही तेच म्हणते."

तो हसला आणि फायलीतला केंद्राचा जुना फोटो त्यानं माझ्यापुढे धरला. पेटीभोवती आमची दाट बाग होती. माझ्या लग्नात त्या सावलीत दोनशे माणसं भरदुपारी जेवली होती.

"आता इथं उघडं माळरान आहे. सावली गेली म्हणून तुमचे आकडे वाढले. त्यावरून हवा तापली असं म्हणता येत नाही. झाडं तोडलीत कशाला?"

"तोडली नाहीत रे बाबा. दरसाल ऊन वाढत गेलं, नदी आटली, तिच्यात समुद्राचं खारं पाणी चढलं. उभी वाळली सगळी."

त्यानं फायलीतला तपासणीचा फॉर्म पुन्हा एकदा वाचला. मग त्यानं माझ्या वह्यांवर एकामागून एक 'विश्वासार्ह नाही' असा शिक्का मारला.

"फॉर्मात झाडं आहेत की नाहीत एवढंच विचारलंय, खाला," तो म्हणाला. "का नाहीत, ते लिहायला जागा नाही."